तिच्या वतीने 'मी' म्हणताना

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मला ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषधांच्या कारखान्यात टायपिस्टची नोकरी लागली. आम्ही दिघ्याला राहायचो. वडील रत्नागिरीकडच्या गावातून आलेले, शेजारच्याच एका कंपनीत हेल्पर. घरात खुर्चीवर बसून काम करणारी मी पहिली. कामावर जायच्या पहिल्या दिवशी वडिलांनी एकच सांगितलं, "खाली मान घालून काम करायचं. कुणाच्या भानगडीत पडायचं नाय." दोन वर्षं मी ते तंतोतंत पाळलं.

आमच्या टाइम ऑफिसला एक काचेची खिडकी होती आणि तिच्यातून पॅकिंग विभाग दिसायचा. तिथे वीसेक बायका गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरत. त्यांत तळवलीची एक बाई होती. तिशी ओलांडलेली, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत आवळून खोचलेली. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि शाळा तिने कधी पाहिली नव्हती. कारखान्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरटी एकाला नोकरी मिळाली होती. नवरा वारला होता, म्हणून त्या घरातून ती आली. सगळे तिला 'मुकी' म्हणायचे. मीही म्हणायचे. हे लिहायला आज बरं वाटत नाही, पण खरं आहे.

ऐकू न येणारा दुसरा माणूस म्हणजे मेंटेनन्समधला फिटर. तो मुंबईत बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकलेला. लिहिता-वाचता येत होतं, समोरच्याच्या ओठांवरून बरंचसं समजायचं. त्याच्या शाळेत हातवारे केले की हातावर पट्टी बसायची, म्हणून मुलं सुट्टीत संडासांच्या मागे जाऊन एकमेकांशी बोलत. हे त्याने मला पुढे सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत ही दोघं कँटीनमध्ये समोरासमोर बसायची. लोक त्यावरून नको ते बोलायचे. पण समोर बसल्याशिवाय हात दिसणार कसे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्याने तिला मुंबईच्या खुणा शिकवल्या होत्या आणि तिने त्याला तिच्या घरातल्या: भात लावणं, खाडीची भरती, चिखलातले निवट्या मासे पकडणं, सासू. सासूची खूण करताना ती डोक्यावरचा पदर असा काही ओढायची की फिटर जेवता जेवता हसायचा.

एकदा कारखान्यात गॅसगळतीची तालीम झाली. भोंगा वाजला की सगळ्यांनी हातातलं काम टाकून गेटबाहेर जमायचं आणि मी मस्टर घेऊन माणसं मोजायची, असं ठरलेलं होतं. भोंगा वाजला, सगळे धावले, मी नावं घेतली. दोन माणसं कमी भरली. फिटर बॉयलरमागे पाइपला पाना लावून बसला होता. त्याला कुणीतरी ओढत आणलं. दुसरीला आणायला सुपरवायझरने मला पाठवलं.

पॅकिंगमध्ये ती एकटीच होती. दाराकडे पाठ करून खोकी भरत होती. माल आणणारा सरकता पट्टा चालूच होता, आणि बाकीच्या जागांवर पट्ट्यांचे ढीग साचत चालले होते. ते बघूनच बहुधा तिला शंका आली आणि तिने वळून पाहिलं. रिकामी स्टुलं, दारात उभी मी. मला वाटलं ती घाबरेल. ती घाबरली नाही. तिने हातातलं खोकं शांतपणे खाली ठेवलं, माझ्याकडे बघत एका हाताने दुसऱ्या खांद्यावर दोनदा थोपटलं आणि तळहात उलटा करून विचारलं. खुणांची भाषा मला तेव्हा अजिबात येत नव्हती, पण ती काय विचारते आहे ते कळलं. माझ्या खांद्याला कुणी हात का लावला नाही?

दुसऱ्या दिवशी फिटर माझ्या टेबलाशी आला आणि वहीचा कागद पुढे ठेवला. व्यवस्थापनाला पत्र होतं, टाइप करून हवं होतं. "भोंगा वाजतो. आम्ही ऐकत नाही. दिवा पाहिजे. लाल. फिरणारा. ती एकटी आत. कोणी हात लावला नाही. खरा गॅस असता ती मेली."

मला वाटलं, याला नीट लिहिता येत नाही, आपण मदत करू. मी छान अर्ज तयार केला. सविनय विनंती, कर्णबधिर कामगारांच्या सोयीसाठी, उपकृत व्हावे. 'ती मेली' काढून टाकलं. त्याने वाचलं आणि खिशातली पेन्सिल काढून खाली लिहिलं, "हे तुझं पत्र. आमचं नाही." मग तिला बोलावून माझ्यासमोरच तिला एकेक ओळ खुणांनी सांगितली. शेवटी तिने मान हलवली आणि परत खांद्यावर दोनदा थोपटलं. ते वाक्य माझ्या अर्जात राहिलं नव्हतं.

मला राग आला होता. पण मी पुन्हा टाइप केलं, त्यांचे शब्द जसेच्या तसे. खाली त्याची सही आणि तिचा अंगठा.

उत्तर आठवड्याने आलं. बहिऱ्या कामगारांना धोक्याच्या विभागात ठेवणं योग्य नाही, तरी त्यांच्याच सुरक्षिततेसाठी तिला बागकामावर पाठवण्यात येत आहे. फिटर मात्र कामाचा, म्हणून त्याला हलवलं नाही. दिव्याबद्दल एक अक्षर नव्हतं. ते उत्तरही मीच टाइप केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून खिडकीतून तिची जागा दिसायची आणि त्या जागेवर दुसरी बाई.

युनियनचे सेक्रेटरी भले माणूस होते. ते माझ्या टेबलाशीच फिटरला म्हणाले, प्रश्न सभेत मांडू. फिटरने कागदावर लिहिलं, "तिचा प्रश्न. ती मांडेल." सेक्रेटरींनी विचारलं, "पण लोकांना कळणार कसं?" तेव्हा त्याने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं.

मी नाही म्हटलं. मी ऑफिसची माणूस, मला सभेत उभं राहता येणार नाही, आणि खुणा तर येतच नाहीत. फिटरने ते ऐकून, म्हणजे बघून, घेतलं आणि तिला सांगितलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती आमच्या घरी दिघ्याला आली. बरोबर दीर होता, घर दाखवायला. दारातच तो म्हणाला, "तिला समदा कलतं, फकस्त आयकू येत नाय. तुमाला काय इचारायचा ते तिलाच इचारा." आणि तो बाहेर जाऊन बसला.

तिने काही विनवलं नाही. आईने चहा दिला तो प्यायली, आणि मला एकेक खूण दाखवायला लागली. काम. बाग. पॅकिंग. राग. हक्काची खूण मला जमेना, तर तिने माझी बोटं धरून बसवली. संध्याकाळपर्यंत मला तीसेक खुणा आल्या. जाताना तिने माझ्या अंबाड्याकडे बोट केलं. कामावर असताना मी त्यात पेन्सिल खोचायचे. तिने आपल्या मानेमागे बोट खुपसल्यासारखं केलं. ते माझं नाव झालं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यात आजही मी त्याच नावाने ओळखली जाते.

त्यानंतर दोन महिने मी कँटीनमध्ये त्यांच्या टेबलावर बसले. मला वाटायचं, हातवारे म्हणजे अंदाजाने करायची गोष्ट. तसं नव्हतं. प्रश्न विचारताना भुवया कुठे हव्यात, काल आणि उद्या अंगाच्या कुठल्या बाजूला, कोण कुणाला म्हणालं ते नजर कुठे वळवून सांगायचं, सगळ्याला नियम होते. फिटर कडक मास्तर होता. मी चुकले की तो टेबलावर टिचकी मारायचा आणि पुन्हा करायला लावायचा. ती मात्र पोट धरून हसायची. एकदा मी "मला भूक लागली" म्हणायला गेले आणि म्हणाले भलतंच. काय ते तिने मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सभा कँटीनमध्ये झाली. ती पुढे उभी राहिली, मी तिच्यासमोर, फिटर अशा जागी की त्याला माझे ओठ दिसतील. मी सुरुवात केली, "ही म्हणते की..." फिटरने लगेच हात वर केला. त्याने मला आधी बजावलं होतं आणि मी घाबरून विसरले होते. ती 'मी' म्हणाली की मीही 'मी' म्हणायचं.

"मी तळवलीची," मी म्हटलं. "माझा नवरा वारला." कुणीतरी हसलं, कारण माझं लग्नच झालं नव्हतं. ती थांबली, हसणाऱ्याकडे बघत राहिली, हसू थांबल्यावर पुढे बोलली. "आपण बसलोय त्या जागेवर माझ्या सासऱ्याचं भाताचं खाचर होतं. ते गेलं म्हणून मी इथे आले. मला कुणी दया म्हणून घेतलेलं नाही. भोंगा वाजला तेव्हा सगळे बाहेर गेले."

फिटरचा हात पुन्हा वर. तिने दोन बोटांनी पळणारे पाय दाखवले होते. मी ते मऊ केलं होतं, कारण समोर बसलेले सगळे त्यांतलेच होते. सगळ्यांदेखत मी चूक दुरुस्त केली. "भोंगा वाजला तेव्हा तुम्ही पळालात. माझ्या शेजारी बसते तीही पळाली. माझा तिच्यावर राग नाही. मीही पळाले असते. पण जाताना एकदा हात लावायचा होता. मला बागेत पाठवू नका. दिवा लावा."

तिच्या शेजारी बसणारी बाई तळवलीचीच होती. ती जागेवरच उठली. "माजाच चुकला गो," ती म्हणाली. "मना कायच सुचला नाय." मला ते वाक्य खुणांत नीट उतरवता येईना. पण ती बाई पुढे आली आणि तिने हिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मला काही सांगायची गरज उरली नाही.

ठराव मंजूर झाला. तिला पॅकिंगमध्ये परत यायला तीन आठवडे लागले, दिवे बसायला चार महिने. पॅकिंगमध्ये एक, वर्कशॉपमध्ये एक. मला कामगार अधिकाऱ्यांनी बोलावून विचारलं, "तू ऑफिसची की युनियनची?" मी काहीतरी पुटपुटले. माझी बदली डिस्पॅचला झाली, तिथे टाइपरायटर जुना होता आणि उकाडा फार. वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी जेवताना म्हणाले, "भात लावायची खूण कशी करतात?" मी दाखवली. त्यांनी एकदा करून बघितली आणि पुढे जेवले.

सगळं काही जिंकलो असं नाही. फिटरला बढती कधीच मिळाली नाही. हाताखालच्या लोकांना हुकूम कसा देणार, हेच कारण दर वेळी. त्याने शिकवलेली माणसं त्याच्यावर फोरमन झाली.

ऐंशीच्या दशकात वाशी भरत चालली होती. नवनव्या सेक्टरांत माणसं राहायला येत होती, त्यांत ऐकू न येणारीही होती. फिटर दर रविवारी मुंबईला आपल्या मंडळींत जायचा. आता वाशीतल्या एका शाळेने त्यांना रविवारी वर्ग वापरायला दिला. करावे, घणसोली, ऐरोलीहून माणसं यायची. काहींना आपल्यासारखं आणखी कुणी जगात आहे हेच माहीत नव्हतं. मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात, बँकेत, रेशनिंग ऑफिसात जायला लागले. डॉक्टर माझ्याकडे बघून विचारायचे, "यांना काय होतंय?" मी पेशंटकडे बोट करायचे, म्हणजे त्यांनाच विचारा. हे मला त्या सभेने शिकवलं. दवाखान्यातल्या एक नर्सबाई त्यातून स्वतः रविवारी शिकायला येऊ लागल्या.

मग या रविवारच्या मंडळाची रीतसर नोंदणी करायची ठरली. युनियनचे सेक्रेटरी मदतीला आले होते. ते म्हणाले, सचिव म्हणून टायपिस्टबाईंचं, म्हणजे माझं, नाव घालू. मला टाइपिंग येतं, बोलता येतं, सगळी ऑफिसं माहीत आहेत. खरं सांगायचं तर मला तेच अपेक्षित होतं. मी ते वाक्य खुणांत सांगितलं. मग जिने मला खुणांचं नाव दिलं ती तळवलीची बाई उठली आणि म्हणाली, "नको. आमच्यातलं कुणीतरी."

मला लागलं. चेहऱ्यावर दिसलंच असेल, चेहरा वाचण्यात त्या लोकांना कोण हरवणार? तिने एका रिकाम्या बाकाकडे बोट दाखवलं. "तू बस. सकाळपासून तुझे हात चालू आहेत. पाणी पी. आज आम्ही बोलतो."

मी बसले. सेक्रेटरी माझ्या बाजूला बसले आणि हळूच म्हणाले, "आता मला काय कळणार?" मी म्हटलं, "मलाही सगळं कळणार नाही."

आणि नाहीच कळलं. माझ्याशी बोलताना ते सगळे हात सावकाश चालवत होते, हे मला त्या दिवशी समजलं. आपसात बोलायला लागले तशी माझी पार दाणादाण उडाली. तीन-चार जण एकदम, कुणी हसतंय, कुणी भांडतंय, फिटर बाक वाजवून लक्ष वेधून घेतोय. अध्यक्ष कोण, वर्गणी असावी की नाही, बायकांच्या किती जागा, यांवर तासभर वाद चालला. इतकी वर्षं मी त्यांचा आवाज आहे असं कुठेतरी मनात धरून होते. त्यांना आवाजाची गरज नव्हती; ती आम्हा ऐकणाऱ्यांना होती.

माझा गोंधळ बघून ती उठून माझ्या समोरच्या बाकावर येऊन बसली. वर्गाकडे अर्धी पाठ, माझ्याकडे तोंड. तिकडे जे चाललं होतं ते एकेक करून, सावकाश, साध्या खुणांत ती मला सांगत गेली. मला एखादी गोष्ट कळली नाही की थांबायची, पुन्हा सांगायची. मी ते हलक्या आवाजात सेक्रेटरींना सांगत होते. नाव घातलं गेलं तिचंच, अध्यक्ष म्हणून. तेही तिनेच मला सांगितलं, थोडीशी लाजून, आणि मग कागद टाइप करून कधी मिळतील ते विचारलं.