चौथं कडवं बायांचं

मला राग येतो तो आधी माझाच येतो, मॅडमचा नंतर. पण दोघींपैकी एकीलाही सोडायचा माझा विचार नाही.

मी शहरातल्या विद्यापीठात नृत्य घेऊन एम.ए. केलं. सौंसरकडची पोरगी नाच शिकायला कॉलेजात चालली म्हटल्यावर लोकांनी तोंडाला येईल ते बोलून घेतलं. "नाचाले बी डिगरी लागते का वं?" असं रामाकोन्याच्या बस स्टँडवर एका बाईनं मला तोंडावर विचारलं. बाबा मात्र खूश होते, कारण नाच आमच्या घरातलाच. दिवसभर ते संत्र्याच्या पेट्या ठोकायचे आणि दिवाळीनंतर गावात खडी गंमत, म्हणजे आमच्याकडचा नाचगाण्याचा खेळ, उभी राहिली की लुगडं नेसून, चाळ बांधून नाचायचे. गाणारे, डफ वाजवणारे, नाचणारे सगळे पुरुषच, आणि बाईचं सोंग कायम बाबांचं.

गंमतीला स्टेज नसतो. दुपारी देवळापुढच्या मोकळ्या जागेत लोक चारही बाजूंनी बसतात आणि नाच मधे. म्हणून आमच्या गावात रीत अशी, की एक कडवं एका बाजूला. कडवं संपलं की नाचणारा फिरतो. पहिलं देवळाकडे, दुसरं म्हाताऱ्यांकडे, तिसरं पोराटोरांकडे आणि चौथं बायांकडे. आई दरवर्षी बायांत पुढं चटई टाकून बसायची. पहिल्या कडव्याला तिला नवऱ्याची नुसती पाठ दिसायची, पण चौथ्याला तो समोर आला की ती तोंडाला पदर लावून हसायची. घरात ही दोघं एकमेकांशी धड चार शब्द बोलत नसत. जे काय होतं ते त्या एका कडव्यात होतं.

लघुप्रबंधाला मी हाच विषय घेतला आणि बाबांच्या नाचाचा व्हिडिओ करून नेला. प्रबंधाला मार्गदर्शक होत्या त्या मॅडमनी दोन मिनिटं पाहिला आणि लॅपटॉप मिटला.

"अर्धा वेळ पाठच दिसते. चेहराच नाही तर मी अभिनय कसला तपासू? प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, हे पहिल्या सेमिस्टरला शिकलीस ना तू?"

तेव्हाच बोलायला हवं होतं. मॅडम, माणसं चारही बाजूंना बसलीत, पाठ कोणाला तरी दिसणारच, आणि थोड्या वेळानं तोंडही दिसणार. एवढं साधं होतं. त्या बाईनं जन्मात कधी जमिनीवर बसून गंमत पाहिली नव्हती, आणि आम्हाला नाच कुठून बघायचा ते ती ठरवत होती. पण मी मूग गिळून बसले. मला पहिला नंबर पाहिजे होता, खोटं कशाला बोलू.

पुढच्या गंमतीला मी देवळाच्या पायरीवर कॅमेरा लावला आणि बाबांना म्हटलं, "या खेपेला फिरू नका. इकडंच पाहून नाचा."

"अन् बाया?"

"एका वर्षाचं तर आहे, बाबा."

बाबांनी ऐकलं. पोरीचा शब्द ते कधी मोडत नसत. चौथं कडवं आलं तरी ते कॅमेऱ्याकडेच बघत राहिले. मागून एक म्हातारी ओरडली, "काहून वं, आमी का मेलो का?" मग एकेक बाई उठून घरी गेली. आई शेवटपर्यंत बसून होती, आणि मी कॅमेऱ्यात बाबांचा चेहरा बरोबर येतो की नाही ते बघत होते.

तोंडी परीक्षेला बाबा इस्त्रीचा सदरा घालून माझ्यासोबत आले. मॅडमनी नवा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला, बाबांच्या खांद्यावर शाल टाकली आणि म्हणाल्या, "आता कसं शिस्तीत झालं." बाबा हात जोडून उभे राहिले. मला पहिला नंबर मिळाला.

यंदा कॅमेरा नव्हता. मी आईशेजारी चटईवर बसले. चौथं कडवं लागलं तशी आईनं पदराचं टोक हातात घेतलं. बाबा फिरले नाहीत. देवळाच्या पायरीकडे, जिथं आता काहीच नव्हतं, तिकडे बघून ते नाचत राहिले. कडवं संपलं, डफ थांबले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबा चाळ सोडत होते तिथं मी गेले. "फिरले काहून नाही तुमी? आई वाट पाहून राहिली होती."

"तुयी माय तं घरचीच हाय," बाबा म्हणाले. "शिकेल बाई हाय ते मॅडम. पाठ दाखवनं चूक हाय म्हने. मले इतके वर्सं कोनी सांगतलंच नोतं, पोरी." त्यांनी मान वर केली. चेहरा परीक्षा देऊन आलेल्या पोरासारखा. "आता बरोबर करून राहिलो ना मी?"

आई चटई गुंडाळून मागंच उभी होती. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.