जोगव्याची मूठ

माझे यजमान गेले त्या वर्षी मी माहूरच्या रेणुकेशी बोलणं टाकलं. भांडले नाही, भांडण आपल्या माणसाशी होतं. मी नुसतं तोंड फिरवलं. यजमान वणीला टांगा चालवायचे. ते तापानं अंथरुणाला खिळले तेव्हा मी देवीला किती नवस बोलले! अनवाणी माहूरचा गड चढेन म्हटलं, जन्मभर मंगळवार धरीन म्हटलं. ती ऐकत राहिली आणि माझा माणूस निघून गेला. आमच्याकडे मंगळवारी देवीच्या नावानं जोगवा मागायला बाया येतात. त्यांच्या परडीत मूठभर पीठ घालायचं, त्यांना दारात ताटकळत ठेवायचं नाही, हातातलं काम टाकून उठायचं, ही माझ्या आईची रीत आणि सासूबाईंचीही. कळायला लागल्यापासून ती माझ्या अंगात भिनलेली. यजमानांच्या तेरवीनंतर मी ती मोडली. हाक आली की दार लावून घ्यायचे. "जिनं माहं कुंकू पुसलं तिले मी पीठ कायले वाढू?" असं मी धाकट्या दिरांना तोंडावर म्हणाले.

घरात उरली एक घोडी. नाव बिजली, पण वीज चमकली की हिचेच पाय लटपटायचे. यजमानांनी ती शिंगरू असताना आणली होती. बायकोपेक्षा घोडीचे लाड जास्त, असं मी त्यांना ऐकवायचे आणि ते मिशीत हसायचे. आता टांगा दीर चालवत, आणि त्यांचं, सासूबाईंचं नि माझं पोट त्या घोडीवर होतं. पण खरं सांगायचं तर पोटाची गोष्ट नंतरची. यजमानांच्या हाताला सरावलेला तो एकच जीव माझ्याजवळ राहिला होता. खरारा करताना मी तिच्या मानेवर कपाळ टेकून रडून घ्यायचे. ती तेवढा वेळ हलायची नाही. तिला काही झालं असतं तर मी दुसऱ्यांदा विधवा झाले असते, असं लिहिलं तर लोक हसतील. हसू देत.

चैत्रातली दुपार होती. टांग्याच्या चाकाची लोखंडी धाव निसटली म्हणून दीर चाक घेऊन लोहाराकडे गेले होते, त्यामुळे घोडी घरी ठाणावर होती. सासूबाई लेकीकडे नेरला गेलेल्या. मारेगावच्या अंगाला आभाळ काळंठिक्कर झालं आणि बघता बघता वावटळ सुटली. मागोमाग गारा. आमचा तबेला म्हणजे घराला लागून मातीच्या तीन भिंती, वर टिना म्हणजे पत्रे, आणि गल्लीच्या बाजूला बांबूचं फाटक. पहिल्याच सपाट्यात फाटक उडालं. टिनांवर गारांचा असा आवाज की माझी हाक मला ऐकू येईना. वीज कडाडली तशी बिजली दोन पायांवर उभी राहिली आणि तिनं खुंटा उपटला. मी धावत जाऊन दोर धरला आणि दोन्ही मुठी आवळल्या.

टांगेवाल्यांच्या घरात एक गोष्ट लहान पोरालाही ठाऊक असते. यजमान तर नेहमी म्हणायचे, "आंधीत जनावराचा दोर सोडू नोको. सुटलेलं घोडं सरळ नदीत जाते." आमच्या गल्लीत आभाळ भरलं की पुढचे मागचे पाय बांधून घोडी जखडून ठेवत. मीही तेच करत होते, फक्त खुंट्याच्या जागी मी होते. घोडी मला भिंतीवर आपटत होती, तळहात सोलून निघाले होते. मी मनात म्हणत होते, एक नेलास, ही देणार नाही.

तेवढ्यात गल्लीतून हाक आली.

"जोगवा वाढ वं, माय!"

त्या दिवशी मंगळवार होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले, "जाय वं बाई! काही नाही माह्यापाशी!"

"मूठभर वाढ वं. हात मोकळा कर."

आवाज म्हाताऱ्या बाईचा, थकलेला, अगदी नेहमीसारखा, तरी गारांच्या त्या कल्लोळातून स्पष्ट आला. आणि माझे हात सुटले. मी सोडले असं म्हणवत नाही. जोगवा दारात आहे, हातातलं टाक, हे आईचं वळण माझ्या रागापेक्षा जुनं होतं. बिजली माझ्या खांद्याला घासून बाहेर पडली आणि गारांच्या पडद्यात दिसेनाशी झाली.

आता काय उरलं, असं झालं. मी घरात गेले, पिठाच्या डब्यात हात घातला आणि दात खाऊन म्हणाले, "घे, हेही घे." मूठ भरून वळते तोच मागे धाडकन आवाज झाला. टिना उडाल्या होत्या आणि तबेल्याची मोठी भिंत आतल्या अंगाला कोसळली होती. जिथं मी घोडीला धरून उभी होते तिथं मातीचा ढीग होता आणि त्यावर आडवा पडलेला वासा.

मी गल्लीत आले. कोणी नव्हतं. समोर पिंजारी चाचा आपल्या दारात बसले होते. मी विचारलं, "चाचा, जोगव्याची बाई कोनीकडं गेली?"

"कोन बाई? बेटी, ह्या गारांत कुत्रं नाही फिरून राह्यलं. घोडी पाह्यली म्या. नदीकडं गेली."

नदीचं नाव ऐकलं आणि मी धावत सुटले. गारा डोक्यात बसत होत्या. वाटेत एका घरातून पुरुषाचं रडणं ऐकू आलं, पण मी थांबले नाही. बिजली पाण्यातच दिसणार अशी मनाची तयारी करून मी चालले होते. ती दिसली नदीच्या अलीकडच्या वावरात. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेल्या मोकळ्या रानात वाऱ्याकडे पाठ करून, मान खाली घालून उभी होती. डावा डोळा मिटलेला, त्यातून रक्त वाहत होतं. मी जवळ गेले तरी ती बुजली नाही. तोंडावरून फिरवायला हात उचलला तेव्हा कळलं, मूठ अजून आवळलेलीच आहे. उघडली. पिठाचा भिजून गोळा झाला होता. बिजलीनं तो माझ्या सोललेल्या तळहातावरून हळूहळू चाटून खाल्ला. मी चिखलात बसले आणि वर्षभरात पहिल्यांदा देवीशी बोलले, "माय, पोचला का वं जोगवा?"

बिजलीचा तो डोळा गेला तो गेलाच. पुढं कित्येक वर्षं तिनं एका डोळ्यानं टांगा ओढला. वाटेत रडत होता तो आमच्याच धंद्यातला माणूस. त्यानं घोडा जखडून बांधला होता आणि छत पडून घोडा जागीच मेला. त्याची भक्ती माझ्याहून कमी नव्हती, उलट मी तर दार लावून बसलेली. म्हणून ही हकिकत मी त्याच्यासमोर कधी सांगितली नाही. ती बाई कोण, हे मी शोधलं नाही. घोडीसाठी आलीस तर माझ्या माणसासाठी का नाही आलीस, हे मात्र मी देवीला अजून विचारते. उत्तर येत नाही. पण आता विचारते तिला, तोंड फिरवून बसत नाही, आणि एवढी तिची माझ्यावर कृपा आहे असं मी समजते. आवळून धरलं की राखलं, असं मला वाटायचं. ज्या दिवशी हात सुटले त्या दिवशी कळलं की राखणारे हात माझे नव्हते.

भिंत पुन्हा उभी केल्यावर दीर बाजारात निघाले आणि विचारू लागले, "वहिनी, दोर कसा आनू? चांगला जाड?"

मी म्हटलं, "भाऊजी, जाड नोको. लांब आना."