चौथा सोमण्णा

नंदिगड्ड्याला आमच्या शेजारी राहणारे सोमण्णाकाका पहिल्या हाकेला कधी ओ देत नसत. तीनदा हाक मारली की दाराआडून डोकावायचे आणि मगच "व्हय" म्हणायचे. एकदाच हाक मारणारा माणूस नसतो, भूत असतं, असं त्यांचं म्हणणं. मला हसू यायचं.

सोमवारी जन्मला की आमच्याकडे बहुधा सोमण्णाच. त्यांतले दोघे नावाजलेले होते. एक पंचायतीचे जुने अध्यक्ष, दुसरे झाडपाल्याचे वैद्य. जंगलातल्या कॅम्पमधल्या हत्तीचंही नाव तेच, आणि त्याला तर परगावची माणसं बघायला यायची. चौथे आमचे काका. त्यांना घराबाहेर फारसं कुणी ओळखत नसे.

एका पावसाळ्यात अध्यक्ष गेले, त्याच वर्षी भातकापणीच्या दिवसांत वैद्य. आपल्याच नावाच्या माणसाच्या तिरडीला खांदा देऊ नये, असं आमच्याकडे मानतात. पण वैद्यांच्या वेळी सगळे शेतात, माणसं कमी पडली आणि काकांनी खांदा दिला. घरी आले ते पांढरेफटक पडून. त्या दिवसापासून त्यांना घास जाईना.

"नावाजलेल्यांपासनं नंबर लागलाय," ते मला म्हणाले. "आता हत्ती, मग मी. त्यो जगला तर मी जगंन."

मग दर सोमवारी मी त्यांना मोटारसायकलवरून कॅम्पला नेऊ लागलो. माहुताला विचारून ते हत्तीला गूळभाताचे गोळे चारायचे. आधी त्याचे डोळे बघायचे, मग लीद. खरं सांगतो, पुढे पुढे कॅम्पचं फाटक दिसलं की मीही आधी हत्ती उभा आहे का ते बघायचो. हत्ती मात्र आमच्या गाडीचा आवाज ओळखून सोंड वर करायचा.

गेल्या उन्हाळ्यात त्यानं चारा सोडला. काका तीन दिवस त्याच्यापाशी बसून होते. बाकी कुणाच्या हातचं तो घेत नव्हता, काकांच्या हातचा एक गोळा तेवढा घेई. तिसऱ्या दुपारी तो गेला. मी घाबरून काकांचं मनगट धरलं आणि घरी येईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिलो.

महिना गेला, दोन गेले. काकांना काही झालं नाही. एका सकाळी मी म्हटलं, काका, आता तरी भीती सोडा, पोटभर जेवा. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"मी माझ्या जिवाच्या भ्यानं जात हुतो रं," ते म्हणाले. "त्येला वाटायचं, त्येच्यासाठी येतोय."