नाव डेलचं, चेहरा रॉयचा

डेल ह्रुश्का आमच्या सँडस्की गावात घरोघर शेगडीच्या, घर गरम ठेवायच्या तेलाचा टँकर घेऊन फिरायचा. तरुणपणी तो एक उन्हाळाभर मोठ्या बेसबॉल संघात कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा होता. मोठ्या संघात गेलेल्या बहुतेकांचं फोटो छापलेलं कार्ड निघायचं, तसं च्युइंगमच्या पाकिटातून डेलचंही निघालं. खाली नाव डेल ह्रुश्का, वर फोटो मात्र रॉय टिडवेलचा. छापणाऱ्यांनी घोळ घातला, आणि पुढच्या वर्षी डेल संघातच नसल्यामुळे तो निस्तरायची कुणाला गरज वाटली नाही.

रॉय त्याच संघातला राखीव कॅचर, दिसायला देखणा. डेलच्या आईने कार्ड निरखून विचारलं होतं, "गोड आहे पोरगा. कोण रे हा?" तेव्हापासून डेलसमोर रॉयचा विषय काढायची सोय राहिली नाही.

पुढे जुन्या कार्डांचं वेड पसरलं. चुकलेली कार्डं तर लोक हुडकून हुडकून जमवू लागले. टोलेडोच्या कार्डमेळ्यात दोघांनाही सह्यांसाठी बोलावणं आलं. डेल जायला तयार नव्हता. त्याच्या बायकोने, इर्माने, बळेच कोट चढवून त्याला माझ्या गाडीत बसवलं. मी त्यांचा शेजारी.

मेळ्यात लोक कार्ड बघायचे, मान वर करायचे आणि थेट रॉयपुढे उभे राहायचे. डेलकडे कार्ड यायचं ते रॉयची ऐसपैस सही होऊन. उरलेल्या कोपऱ्यात डेल आपलं नाव कोंबायचा. दुपारी जेवताना त्याला राहवलं नाही.

"माझं कार्ड खाल्लंस लेका तू," तो म्हणाला. "वर त्याच्यावर सह्या ठोकतोस."

रॉयने हातातलं सँडविच खाली ठेवलं. "तुझं निदान निघालं तरी. मी तीन वर्षं बाकावर काढली, माझ्या नावाचं एकही नाही. माझ्या पोरी हे कार्ड लोकांना दाखवतात ना, तेव्हा तुझ्या नावावर अंगठा धरतात."

मला वाटलं, डेल विरघळला.

"तीन वर्षं," परतताना गाडीत तो पुटपुटला. "तीन वर्षं ठेवला त्यांनी त्याला. मला एकच उन्हाळा."

त्यानंतर मात्र तो दरवर्षी मेळ्याला न सांगता तयार व्हायचा. आम्ही लवकर निघायचो, कारण दाराजवळची, लोक सह्यांना सर्वांत आधी पोचतात ती खुर्ची त्याला रॉयच्या आधी पकडायची असायची.