भिंगरीशी बोलणं

कापडगिरणीत माग सुरू झाले की कानाशी तोफ डागली तरी कळू नये, असा गदारोळ. म्हणून तिथल्या बायका हातांनी बोलायच्या आणि डोळ्यांनी ऐकायच्या. आई आणि समोरच्या मागावरची भिंगरी यांचं सारं आयुष्य असंच बोलण्यात गेलं. लग्नं, बाळंतपणं, मुकादमाच्या मिशा, काही म्हणून सुटलं नाही! आईंचे डोळे भरून आले, की समोरून भिंगरी छातीवर दोन बोटं टेकवायची. म्हणजे, मी आहे.

गिरणी बंद पडली, पण जाताजाता आईंचे कान घेऊन गेली. भिंगरी लेकाकडे परगावी. ती फोनवर घसा फोडायची आणि आई ‘हॅलो, हॅलो’ करून ठेवून द्यायच्या.

“सांगून टाका ना त्यांना,” सून समोर येऊन, ओठ ठळक हलवत म्हणायची.

“खबरदार! तिच्यापुढे बहिरी म्हणवून घेऊ?”

शेवटी भिंगरीचा निरोप आला, ‘तुझ्या सासूला सांग, मी मेले असं समज म्हणावं.’ आईंनी समोरचं ताट बाजूला सारलं.

मग एका दुपारी सुनेने न विचारताच व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर भिंगरी अवतरली, फुगलेल्या गालांसकट. आणि आईंनी काय करावं? फोन थेट कानाला लावला!

“कान काय दाखवतेस मेले!” तिकडून भिंगरी कडाडली.

“अहो आई, बघायचंय, बघायचंय!” सुनेने हात धरून फोन समोर आणला.

एका हाताने बोलणार कसं? आईंनी फोन पिठाच्या डब्याला टेकवला आणि मागे सरकल्या, दोन मागांमधल्या वाटेइतक्या. हात मोकळे झाले, बोटं सुटली. कान गेले गं माझे. रुसले नव्हते, लाजले होते.

भिंगरीचे गाल उतरले. तिनेही फोन कशाला तरी टेकवला आणि मागे सरकली. बनवणाऱ्याने तो तोंडाजवळ धरायला बनवला होता. या दोघींनी त्याची गिरणी करून टाकली.

सून आवाज वाढवायला पुढे झाली, तर आईंनी तिच्या हातावर चापट मारली. “आवाज कशाला? शेजारी ऐकतील!”

“काय चाललंय एवढं?”

“तुझ्या भाजीतलं मीठ.”

तेवढ्यात पलीकडे भिंगरीने छातीवर दोन बोटं टेकवली.

“आणि हे काय म्हणाल्या त्या?”

आईंनी पदर डोळ्यांना लावला. “काही नाही गं. तू चहा टाक.”