जागचा हललेला बाप्पा

माझ्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी देवावर रुसलेच होते. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये इतकी वर्षं गणपतीला दीड दिवस बसवलं, कधी हयगय केली नाही, आणि माझंच हाड झिजावं! नोएडाला तेव्हा हॉटेलसारखी चकचकीत रुग्णालयं उघडत होती. तिथे छोट्या छेदातून सांधा बदलतात, माणूस लगेच चालायला लागतो, असं ऑफिसात कळलं आणि मी तेच डोक्यात घेतलं. डॉक्टर म्हणाले, सांधा दोन्ही पद्धतींनी पक्का बसतो, पण तुमचं हाड कमजोर आहे, मोठा छेद घेतला तर मला आत नीट दिसेल. मला एवढंच ऐकू आलं, कमजोर. नवा सांधा जागचा हलला तर? मी कायमची अंथरुणाला खिळले तर?

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात गणपती आले. पूजा झाली आणि फोटो काढताना माझी दिल्लीत वाढलेली मुलगी म्हणाली, "आई, बाप्पा थोडा टेढा बसलाय." मी काही बोलायच्या आत तिने दोन्ही हातांनी मूर्ती सरकवून सरळ केली. प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती मध्येच हलवत नाहीत. ती हलवायची ती उत्तरपूजा करून निरोप देताना. "काय केलंस हे, कार्टे!" मी ओरडले. पोर रडकुंडीला आली. तिला हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं. मला मात्र वाटलं, झालं, कौल मिळाला, माझा सांधाही असाच हलणार. यांना म्हटलं, ऑपरेशन रद्द करा. "अगं, काहीतरीच काय!" हे म्हणाले, पण त्यांचाही चेहरा उतरला होता.

तेवढ्यात शेजारच्या वहिनी त्यांच्याकडे आलेल्या एका वयस्कर सरदारनी पाहुण्यांना दर्शनाला घेऊन आल्या. माझी काठी पाहून त्यांनी चौकशी केली आणि मी त्या परक्या बाईपुढे सगळं ओकले, मूर्तीचंसुद्धा. त्यांनी आपल्या खुब्यावर हात ठेवला. "मेरा भी बदला हुआ है, पुत्तर. बड़ा चीरा लगा था." आणि त्या दोन जिने चढून आल्या होत्या! मग माझ्या लेकीला जवळ घेऊन म्हणाल्या, "बच्ची ने सीधा ही तो किया है. गिराया थोड़े ही है?"

मला रडूच फुटलं. कितीतरी दिवसांनी छाती मोकळी झाली. त्या बाई प्रसाद घेऊन गेल्या, पुन्हा कधी भेटल्या नाहीत. देव कुणाच्या तोंडून बोलतो यावर मी वाद घालत नाही. डॉक्टरांना इतकंच म्हटलं, छेद लहान घ्या की मोठा, ते तुमच्यावर सोडलं. त्यांनी मोठाच घेतला. दुखलं, चांगलंच दुखलं. पण दर तपासणीला एक्स-रे पाहून ते मान डोलवतात, सांधा बसवला तिथेच आहे.

आता मला पाटावर बसता येत नाही, वाकून डोकं टेकता येत नाही. मी उभ्यानेच हात जोडते. सगळं माझ्या हट्टानं होत नाही, एवढं तरी या दुखण्यानं मला शिकवलं. यंदा मूर्ती लेकीनेच चौरंगावर ठेवली आणि भीत भीत विचारलं, "आई, सरळ आहे ना?"

मी पाहिलं. किंचित कलली होती.

"राहू दे," म्हटलं, "तू बसवलास ना, बसला तो."