डाव्या बाजूचा ट्रंपेट

तिसऱ्या गाण्यातून ट्रंपेट काढून टाकला आहे, अशी माझी खात्री झाली होती.

ॲसिड जॅझ आणि सोल वाजवणाऱ्या त्या परदेशी बँडची कॅसेट अकोल्याच्या होस्टेलात आम्ही दोघांनी अक्षरशः झिजवली होती. आमच्यातला दुसरा, माझा मित्र, आता शेलूबाजारला मोबाइलचं दुकान चालवतो. बँडच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह त्यानेच माझ्या फोनमध्ये टाकून दिला. सोमवारी सकाळी वाशीममध्ये घरी बसून मी तो इअरफोनवर ऐकला. बाईचा आवाज, गिटार, ड्रम सगळं जागेवर होतं. ट्रंपेट उसळतो तिथे काहीच नव्हतं. गाजलेलं गाणं म्हणून विकायचं आणि त्यातला जीवच काढून घ्यायचा, ही मला सरळ फसवणूक वाटली. बातमीच्या कामासाठी त्याच रस्त्याने जायचं होतं. दुकानात शिरलो आणि तसं बोलून दाखवलं.

"फुकटच्या मालाले नावं ठेवून राह्यला काय बे?" मित्राने माझे इअरफोन स्वतःच्या कानांत घातले. काउंटरवर बोटांनी ताल धरला आणि थोड्या वेळाने एक बोट वर केलं. "हा काय, वाजून राह्यला ना."

"थट्टा नको करू."

"मी कायले थट्टा करू? डाव्या बाजूनं येते तो. पह्यलेपासून डाव्याच बाजूनं येते."

त्याने डावा इअरफोन काढून माझ्या उजव्या कानात घातला. ट्रंपेट इतका स्वच्छ आला की मी मागे सरकलो. मग तोच इअरफोन त्याने माझ्या डाव्या कानात घातला.

"आता?"

नाही.

त्याने आवाज वाढवला. "आता?"

नाही.

तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. तो फोनकडे न बघता माझ्याकडे बघत होता.

दोनच दिवसांपूर्वी, शनिवारी, आसेगावला भाच्याचं लग्न झालं होतं. वरातीत पिकअपवर डीजेचे खोके रचलेले होते. "मामा नाचल्याशिवाय नवरदेव पुढे सरकत नाही," म्हणत बहिणीच्या नवऱ्याने मला ओढून खोक्यांशेजारी उभं केलं. वरात मांडवाला लागेपर्यंत माझी डावी बाजू तिकडेच होती. रात्री डाव्या कानात दडा बसल्यासारखं झालं. बहिणीने कोमट तेल टाकलं. धूळ गेली असेल, असं आम्ही दोघांनीही ठरवून टाकलं. फोन मी उजव्या कानाला लावतो, त्यामुळे रविवारी काहीच अडलं नाही. 'डीजेच्या तालावर तरुणाई थिरकली' हे वाक्य मी कितीतरी बातम्यांत लिहिलं आहे.

हे ऐकल्यावर मित्राने दुकानाचं शटर ओढलं आणि मला मोटारसायकलवर अकोल्याला नेलं. कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी भराभर दाबत गेलो. मग आवाज थांबले. तपासणी संपली असावी म्हणून मी काचेपलीकडे पाहिलं. डॉक्टरांची बोटं यंत्रावर चालूच होती. डाव्या कानाची पाळी केव्हाच सुरू झाली होती.

"गोळ्या सुरू करू. थोडं परत येईल. कदाचित येणारही नाही. तेल पुन्हा टाकू नका," डॉक्टर म्हणाले.

बहिणीच्या नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो हसला. "मंग काय साळेबुवा, आता डाव्या अंगानं बिनधास्त नाचा." डॉक्टर काय म्हणाले ते मी पुन्हा तसंच सांगितलं. त्याने विचारलं, "खरंच काय?"

गोळ्या संपल्या. पुन्हा त्याच खोलीत बसलो. कागदावर डाव्या कानाची रेघ होती तिथेच राहिली. परतताना मित्राच्या दुकानात थांबलो. त्याने माझा फोन घेतला, सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र केला आणि उजवा इअरफोन माझ्या हातात दिला.

तिसरं गाणं लावलं. ट्रंपेट आला. गिटारच्याच जागेवर, तिला बाजूला ढकलत. मित्र विचारत होता, "आला काय?" तो माझ्या डाव्या बाजूला उभा होता. मी त्याच्या ओठांवरून ओळखलं आणि मान हलवली.